कथेतले सोडून गेलेले आईबाप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवते, खाली बऱ्याच कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे आणि एका ऍनिमेचे (जपानी ऍनिमेशन मालिकेचे) शेवट उघड केलेत. स्पॉयलर नको असतील तर त्या त्या नावापाशी थांबा.

सोडून गेलेले पालक म्हणजे नक्की कोण? वारलेले आईबाप यात येतात का?

नाही. वारलेल्या आईसाठी मूल रडतं, तिच्यावर रागवत नाही, निदान फार काळ नाही. सोडून गेलेली आई मात्र कुठेतरी जेवतेय, झोपतेय, कुणाशी तरी बोलतेय आणि आपल्याकडे येत नाहीये, हे मुलाला माहीत असतं किंवा तसं वाटत असतं, आणि मग "माझं काय चुकलं" हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नाही. इथे त्यातलेही सगळे घेतले नाहीत, फक्त ज्यांचं कारण ऐकल्यावर आपल्याला पटकन नाव ठेवता येत नाही तेवढेच घेतलेत. म्हणजे पोटासाठी गेलेले, लाजेने गेलेले, जिवाच्या भीतीने गेलेले, कुणाच्यातरी हुकमाने गेलेले.

मजा करून झाली आणि निघून गेले असले बाप यात नाहीत. ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीत (१८६२) दोन्ही प्रकार एकाच मुलीच्या वाट्याला आलेत बघा. कोझेटचा बाप थोलोमिएस हा पॅरिसमधला पैसेवाला विद्यार्थी, मित्रांसोबत मुलींना जेवायला नेतो, "सरप्राइज आहे" म्हणतो, आणि सरप्राइज म्हणजे काय तर हॉटेलात ठेवलेली निरोपाची चिठ्ठी. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. आई फँटीन पण मुलीला दुसऱ्याकडे ठेवून जाते, पण तिच्याबद्दल पुढे बरंच बोलायचंय.

कारण पटलं म्हणजे माफ केलं, असंच ना?

अजिबात नाही, आणि माझ्या मते सगळा विषयच इथे आहे. जाणाऱ्याचं कारण शंभर टक्के खरं असू शकतं आणि मागे राहिलेल्या मुलाचं दुःखही शंभर टक्के खरं असू शकतं, एकाने दुसरं खोडलं जात नाही. ज्या लेखकाला हे कळतं त्याची गोष्ट लक्षात राहते. ज्याला कळत नाही तो शेवटी एक फ्लॅशबॅक टाकतो, आईचे अश्रू दाखवतो आणि मुलाला दोन मिनिटांत गळ्यात पडायला लावतो. असे सीन बघताना मला त्या मुलाचीच बाजू घ्यावीशी वाटते, कारण वीस वर्षं त्याने जे काढलं ते कुणी विचारतच नाही.

मग कर्ण-कुंतीचं काय? कुंतीची बाजू बरोबर की कर्णाची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो यावाच, कारण आपल्याकडे या विषयाची पहिली आठवण तीच असते.

कुंतीची बाजू आधी नीट बघू. ती लग्न न झालेली मुलगी, दुर्वासांनी दिलेला मंत्र खरा आहे का हे बघायला म्हणते आणि समोर सूर्य उभा राहतो, तो परत जायला तयार नाही. मूल होतं. राजाच्या घरात दाईशिवाय कुणाला पत्ता नाही. महाभारतात ती पेटी कशी तयार केली ते सुद्धा दिलंय, आत मऊ अंथरूण, फटी मेणाने बुजवलेल्या, आणि रडत रडत ती अश्व नदीत सोडलेली. तिथून पेटी चर्मण्वतीत, मग यमुनेत, मग गंगेत, आणि शेवटी अंग देशात चंपानगरीपाशी अधिरथाला मिळते. पेटी सोडताना कुंती म्हणते की जी बाई तुला दूध पाजेल ती भाग्याची. ज्या मुलीला मूल नकोसं झालंय ती असं बोलत नाही.

आणि अजून एक गोष्ट लोक विसरतात, कुंती स्वतः दिलेली मुलगी आहे. शूरसेनाची ही पृथा, त्याने ती कुंतिभोजाला देऊन टाकली, कारण तसं वचन दिलं होतं. उद्योगपर्वात कृष्ण भेटायला येतो तेव्हा ती म्हातारी बाई त्याला सांगते की मी हातात चेंडू घेऊन खेळत होते एवढी लहान होते तेव्हा तुझ्या आजोबांनी मला देऊन टाकलं, माझा दोष द्यायचा तर मी बापाला देईन. नातवंडं लढायला निघालीत त्या वयातही तिच्या डोक्यातून तो चेंडू गेलेला नाही. मला हा प्रसंग पेटीच्या प्रसंगापेक्षाही जास्त लागतो.

आता कर्णाची बाजू. कुंती त्याला गंगेवर भेटायला जाते तेव्हा तो पूर्वेकडे तोंड करून हात वर करून जप करतोय, त्याचा जप लांबलचक, ऊन तापतं, आणि ही त्याच्या मागे त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते, सुकलेल्या कमळांच्या माळेसारखी असं तिथे म्हटलंय. जन्मभर त्याला सावली दिली नाही आणि आज त्याच्याच वस्त्राच्या सावलीत उभी. तो वळतो आणि पहिल्याच वाक्यात स्वतःची ओळख राधेय आणि अधिरथाचा मुलगा अशी करून देतो. पुढे म्हणतो की शत्रूने सुद्धा माझं एवढं वाईट केलं नसतं, आईसारखं माझ्या हिताचं तू कधी पाहिलं नाहीस आणि आज आलीस ती तुझ्या कामासाठी. यातलं एक वाक्य तरी खोटं आहे का? आणि तरीही तो तिला रिकाम्या हाताने पाठवत नाही, तुझे पाच मुलगे राहतील, एक तर अर्जुनासकट नाहीतर माझ्यासकट, असा शब्द देतो.

माझं मत विचाराल तर पेटी सोडली याबद्दल मी कुंतीला एक शब्द बोलणार नाही. पण नंतर? हेरांकडून तिला कळलेलं असतं की कवचकुंडलांचा मुलगा सूताच्या घरी वाढतोय. हस्तिनापुरात कौरव-पांडवांची परीक्षा होते तेव्हा कर्ण समोर येतो, ती ओळखते, चक्कर येऊन पडते, विदुर तिला सावरतो, आणि शुद्धीवर आल्यावरही ती गप्प. भर मैदानात त्याला कुळ विचारलं जातं, तो मान खाली घालतो, आणि उत्तर माहीत असलेली बाई तिथेच बसलेली. सोडून जाण्याला कारण होतं, त्या गप्प बसण्यालाही होतं पण ते बरंच कमी पडतं. पालक गेले केव्हा एवढंच बघू नका, परत यायची संधी आली तेव्हा काय केलं तेही बघा.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) म्हणूनच कुंतीला स्वतःचं वेगळं प्रकरण दिलंय, ती स्वतः बोलते. कर्णाच्या नावावरच्या कादंबरीत आईला एवढी जागा देणं हे मला फार योग्य वाटतं. तिचं सगळं ऐकून झाल्यावरही आपण कर्णाच्याच बाजूला असतो, तरी तिचा तिरस्कार करता येत नाही.

मेनका, गंगा या पण मुलं सोडून गेल्या, त्यांच्याबद्दल कुणी एवढं का बोलत नाही?

कारण त्या माणसं नाहीत, त्यांना वेगळा नियम लावतो आपण. गंगेने तर सात मुलं पाण्यात सोडली, आठवं शंतनूने अडवलं, आणि त्यामागे वसूंना मिळालेला शाप होता हे नंतर कळतं. पण एक आहे, ती देवव्रताला घेऊन जाते आणि शिकवून सवरून बापाच्या हवाली करते. मेनका इंद्राच्या हुकमाने आलेली, काम झालं की परत, बाळ मालिनी नदीच्या काठी आणि पाखरांनी त्याला सांभाळलेलं. तिची बाजू कालिदासाने थोडी भरून काढली आहे, शकुंतलेला दुष्यंत ओळखत नाही तेव्हा आकाशातून एक तेज येतं आणि तिला उचलून घेऊन जातं, आईकडच्या जगात. लेकीला दरबारातून हाकललं तेव्हा माहेर धावून आलं, एवढं तरी.

आई गेली की केवढा गहजब, बाप गेला की "कामाला गेलाय". असं का?

खरंय. बाप कामाला, लढाईला, संन्यासाला, अंतराळात कुठेही गेला तरी गोष्ट त्याला कारण देते आणि आपण ते घेतो. आई गेली की आधी कोर्ट बसतं. 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'मध्ये (१९७९) तर खरंच कोर्ट बसतं. जोआना घर सोडून जाते, मुलगा बापाजवळ, सिनेमाभर आपण बापाचा संसार बघतो, फ्रेंच टोस्ट बघतो, त्यामुळे ती परत येते तेव्हा आपल्याला ती परकीच वाटायला लागते. मग ती साक्ष देते आणि तिची बाजू पहिल्यांदा ऐकू येते. ते कोर्टातलं भाषण जोआना झालेल्या मेरिल स्ट्रीपने स्वतः लिहिलेलं, आणि ते कळतं, कारण त्यात ती स्वतःला देवी करत नाही, मी त्या घरात संपत चालले होते आणि तरी मी त्याची आई आहे एवढंच सांगते.

त्याच्या शंभर वर्षं आधीची नोरा घ्या. इब्सेनचं 'अ डॉल्स हाऊस' २१ डिसेंबर १८७९ ला कोपेनहेगनला पहिल्यांदा झालं. नोरा नवऱ्याला आणि तीन मुलांना सोडून दार लावून निघून जाते. जर्मनीत हेडविग निमान-राबे नावाच्या नटीने असा शेवट करायला नकार दिला, आणि दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेनने दुसरा शेवट लिहून दिला, त्यात नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत ओढत नेतो आणि ती तिथेच कोसळते, जात नाही. इब्सेनने स्वतःच त्या शेवटाला नाटकावरचा रानटी अत्याचार म्हटलं. बाप घर सोडतो म्हणून कुणा नटाने नाटकाचा शेवट बदलून मागितला असं मी कुठे वाचलेलं नाही.

पण नोराने मुलांना सोडलं ते मला अजूनही पटत नाही. मुलांचा काय दोष?

न पटणं ठीक आहे, मुलांचा दोष काहीच नाही. पण दुसऱ्या अंकातला दाईचा सीन परत वाचा, तो बहुतेक जण घाईत सोडून देतात. नोराची मुलं सांभाळणारी दाई आन-मारी हिनेच लहानपणी नोराला वाढवलंय, नोराची आई नव्हती. नोरा तिला विचारते की तू तुझं पोर परक्यांकडे कसं टाकलंस गं, मन कसं झालं तुझं? आन-मारी म्हणते की लहानग्या नोराची दाई म्हणून काम मिळायचं तर टाकावंच लागलं, माझ्यासारख्या फसलेल्या गरीब मुलीने असली नोकरी मिळाली म्हणजे नशीबच समजायचं. मग मुलगी तुला विसरली असेल? नाही नाही, तिने पत्र पाठवलं होतं ना, चर्चमधला विधी झाला तेव्हा एक आणि लग्न झालं तेव्हा एक.

अख्ख्या आयुष्यात दोन पत्रं, आणि बाई ती अभिमानाने सांगते.

म्हणजे या नाटकात मूल सोडून गेलेल्या आया दोन आहेत. एकीबद्दल जग दीडशे वर्षं भांडतंय, दुसरीबद्दल कुणी काही बोलत नाही कारण ती मोलकरीण आहे आणि तिचं मूल सुटलं म्हणून तर नोराला आई मिळाली. शिवाय नोराच्या जाण्यातली व्यवस्थाही तीच आहे, मुलं आपल्यापेक्षा चांगल्या हातात आहेत असं नोरा जाताना म्हणते ते याच बाईच्या भरवशावर. आणि हेही लक्षात घ्या, खोटं बोलणाऱ्या आईमुळे घरातल्या मुलांना विष लागतं असं नवऱ्याने तिला ऐकवलेलं असतं, ती घाबरून मुलांपासून आधीच लांब राहायला लागलेली असते. मला नोराचं जाणं पटतं. मुलांबद्दल वाईट वाटतं ते वेगळं, ते वाटतंच.

पोटासाठी लांब गेलेले आईबाप यात धरायचे का? त्यांनी तर सोडलं नाही ना?

धरायचे, कारण मुलाला दोन्हीचा अनुभव सारखाच येतो. कोकणातल्या किती घरांत बाप म्हणजे मुंबईहून गणपतीला येणारा माणूस होता, आणि आजही बीडकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात तेव्हा कितीतरी पोरं आजीआजोबांजवळ राहतात. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना फँटीन लगेच कळते.

फँटीन तीन वर्षांची होत आलेली कोझेट घेऊन गावी काम शोधायला चाललेली, लग्नाशिवाय मूल आहे हे कळलं तर काम मिळणार नाही. वाटेत माँफर्मेईला एका खानावळीसमोर दोन मुली साखळीच्या झोक्यावर खेळताना दिसतात, त्यांची आई जवळ बसलेली. ज्या बाईच्या पोरी एवढ्या खुशीत आहेत ती बाई चांगलीच असणार असं तिला वाटतं, आणि ती कोझेटला तिथे ठेवते. सौदा होतो तोही ह्यूगोने पैशापैशाने लिहिलाय. महिना ७ फ्रँक, ६ महिन्यांचे आगाऊ म्हणजे ४२, वर १५ किरकोळ खर्चाला, एकूण ५७ फ्रँक. मग खानावळ चालवणारं तेनार्दिए जोडपं रेट वाढवत जातं, ७ चे १२, १२ चे १५. मुलगी असल्याचं उघड होतं तेव्हा कारखान्यातली नोकरी जाते. कोझेटला कपडे नाहीत असं पत्र येतं म्हणून ती केस १० फ्रँकला विकते आणि लोकरीचा परकर घेऊन पाठवते, तो परकर तेनार्दिएच्या स्वतःच्या मुलीच्या अंगावर जातो. मग मुलगी आजारी आहे, औषधाला ४० फ्रँक पाठवा असं खोटं पत्र येतं आणि ती पुढचे दोन दात काढून विकते. इकडे कोझेट अनवाणी झाडू मारतेय. आई तिला परत भेटतच नाही.

ह्यूगोने हिशोब एवढा बारीक का दिला असेल याचा मी बराच विचार केलाय. मला वाटतं आईच्या प्रेमावर शंका घ्यायला त्याने जागाच ठेवली नाही. किती प्रेम होतं हे तो सांगत बसत नाही, किती फ्रँक गेले ते सांगतो.

टागोरांची 'काबुलीवाला' (१८९२) हीच गोष्ट उलट बाजूने दाखवते, तिथे मूल कुठेच दिसत नाही, फक्त बाप दिसतो. कलकत्त्याच्या गल्लीत सुकामेवा विकणारा रहमत मिनीशी का बोलतो ते शेवटी कळतं, तो अंगरख्यातून एक मळका कागद काढतो, त्यावर त्याच्या मुलीच्या हाताचा काजळीचा ठसा. फोटो नाही, चित्र नाही, हात. तुरुंगातून बऱ्याच वर्षांनी सुटून तो येतो तर मिनी नवरी झालेली, आणि त्याला एकदम जाणवतं की आपलीही एवढी झाली असेल, तिच्याशी आता नव्याने ओळख करून घ्यावी लागेल. मिनीचे वडील लग्नातला रोषणाईचा आणि बँडचा खर्च कापून त्याला घरी जायला पैसे देतात. मला या गोष्टीत दोन बाप एकमेकांना ओळखतात हे फार आवडतं.

"मुलांच्या भल्यासाठीच गेलो" हे खरं आहे की सबब, कसं ओळखायचं?

माझी एक साधी परीक्षा आहे, जाताना मागे काय ठेवलं ते बघायचं. ज्याला मुलाची काळजी आहे तो जाण्याच्या घाईतही काहीतरी करून जातो.

एमी टॅनच्या 'द जॉय लक क्लब'मध्ये (१९८९) सुयुआन युद्धात जपानी सैन्यापासून पळतेय, जुळ्या तान्ह्या मुली अंगावर, वाटेत एकेक सामान टाकत टाकत शेवटी हातातलं सगळं संपलंय, आणि आमांशाने ती स्वतः मरायला टेकलीय. आपण मेल्यावर मुली आपल्याशेजारीच मरतील म्हणून ती त्यांना रस्त्याच्या कडेला ठेवते, एकीच्या कपड्यात दागिने, दुसरीच्या कपड्यात पैसे, सोबत घरच्यांचे फोटो आणि मागच्या बाजूला नावं आणि शांघायचा पत्ता. मग चालायला लागते. ती स्वतः वाचते हा तिच्या नशिबाचा भाग, पण त्या क्षणी तिने जे जे शक्य होतं ते केलं. पुढे अमेरिकेत जाऊनही ती पत्रं पाठवत राहते, त्या जुळ्या मुली सापडतात तेव्हा ती नसते, तिची धाकटी मुलगी त्यांना भेटायला जाते.

आता 'दीवार' (१९७५) घ्या. आनंदबाबू युनियनचा नेता, बायको-मुलांना पळवून मालक त्याच्यापुढे कागद ठेवतो, तो सही करतो, कामगारांच्या नजरेतून उतरतो आणि लाजेने घर सोडून ट्रेनमधून फिरत राहतो. सही त्याने कुटुंबासाठी केली ती मला पूर्ण मान्य. पण निघून गेला ते कुणासाठी? लोकांनी राग पोरावर काढला, छोट्या विजयच्या हातावर "मेरा बाप चोर है" गोंदलं, आणि ते झेलायला बाप तिथे नव्हता. पुढचं सगळं मुंबईत त्याच्या बायकोने, सुमित्रादेवीने विटा उचलून निभावलं. त्याची लाज खरी होती पण ती पोराच्या हातावर लिहिली गेली. तरी मला त्याचा राग येत नाही, फार दया येते, आणि सलीम-जावेद यांना तेच हवं असणार.

अजून एक, आपल्याकडचं. हे काल्पनिक नाही, संतचरित्रातलं आहे, पण या प्रश्नाला तेच आठवतं. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परत आले म्हणून वाळीत टाकलेले, मुलांच्या मुंजीसाठी ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि मुलांना तरी समाज घेईल या आशेवर विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी पाण्यात देह टाकला असं परंपरा सांगते. तरीही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चौघांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत जावं लागलं. आईबापांचा हेतू एवढा शुद्ध आणि तरी जे विकत घ्यायला जीव दिला ते मिळालंच नाही. कारण खरं असणं आणि उपयोग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऍनिमेमधलं काही? होहेनहाइम यात बसतो का?

बसतो म्हणजे काय, माझ्या लिस्टमध्ये तो फार वर आहे. हिरोमु अराकावाच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्ये (मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ ते २०१०, आणि नंतरचा 'ब्रदरहुड' हा ऍनिमे मांग्याप्रमाणे जातो) एडवर्ड (एड) आणि अल्फोन्स या भावांचा बाप होहेनहाइम त्यांच्या लहानपणीच निघून जातो, मागे आई मरते, मुलं तिला परत आणायला जातात आणि शरीर गमावून बसतात, आणि एडच्या डोक्यात सगळ्याला जबाबदार बाप. नंतर कळतं की त्याच्या आत एका अख्ख्या बुडालेल्या देशातले लाखो जीव कोंबलेले आहेत, त्याला मरण नाही, म्हातारपण नाही, पोरं मोठी होताना बघून त्याला स्वतःची भीती वाटायची, आणि येणारं संकट थांबवायला तो फिरत होता. निघण्याआधी काढलेल्या फॅमिली फोटोत तो रडतोय, आणि एडला तो फोटो लहानपणापासून माहीत असतो.

हे चांगलं का लिहिलंय सांगते. एवढं मोठं, जग वाचवणारं कारण दिलंय तरी एड विरघळत नाही. भावांनी स्वतःचं घर जाळलेलं असतं, त्यावर बाप सरळ म्हणतो की तुम्ही पळून गेलात, पोराने गादी ओली करून लपवावी तसं, आणि एड भडकतो, बरोबरच भडकतो, हा माणूस कुठल्या तोंडाने बोलतोय! आईचा निरोप मात्र एड बापाला पोचवतो, वचन पाळता आलं नाही, आधी जातेय, माफ कर. शेवटी बाप अल्फोन्सला परत आणायला स्वतःचा जीव देऊ करतो तेव्हा एड रडत शिवी देतो आणि शिवीत का होईना पण त्याला बाप म्हणतो, आणि होहेनहाइमला तेवढंच पुरतं. मुलाला जेवढं जमतं तेवढंच लेखिकेने मागितलंय.

परत भेटण्याचा सीन कसा असावा? मला स्वतःला गोष्ट लिहायचीय.

घाई करू नका आणि वेळ गेलाय हे विसरू नका. पालकाच्या मनात मूल त्याच वयाचं राहिलेलं असतं, समोर दुसरंच कुणीतरी असतं. 'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) हे घड्याळानेच करून दाखवलंय, एका ग्रहावरचा १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं, मुलांना सोडून अंतराळात गेलेला बाप कूपर परत यानात येतो तोवर २३ वर्षं गेलेली आणि तो एका जागी बसून मुलांचे साठलेले व्हिडिओ बघतो. त्याची मुलगी मर्फ म्हणते की तू गेलास तेव्हा जेवढा होतास तेवढी मी आज झाले. ती हे ओरडत नाही, वाढदिवस आहे म्हणून सांगते.

पण माझ्या मते या सगळ्यात टॉल्स्टॉयच्या पुढे कुणी नाही. नवऱ्याचं घर सोडलेली ऍना कॅरेनिना मुलाच्या, सेर्योझाच्या वाढदिवसाला सकाळीच चोरून जुन्या घरी जाते. आदल्या दिवशी दुकानात जाऊन एकेक निवडून खेळणी घेतलेली. जुना दारवान आत सोडतो, मूल झोपेत आहे, आई वारली असं त्याला सांगितलेलं पण त्याने कधी मानलेलं नाही, तो उठून तिच्या कुशीत शिरतो. तेवढ्यात नवरा येतोय म्हणून तिला निघावं लागतं, आणि हॉटेलवर परत आल्यावर लक्षात येतं की खेळण्यांचं पुडकं उघडलंच नाही, तसंच परत आणलंय. एवढं एक पुडकं, त्यात सगळं आलं. आणि टॉल्स्टॉय तिथे थांबत नाही. पुढे मामा येऊन त्याला विचारतो, आई आठवते का, तेव्हा शाळेत जायला लागलेला सेर्योझा लाल होतो आणि म्हणतो, नाही आठवत. आठवतेय म्हणूनच लाल झालाय, पण शाळेतल्या मुलांत जगायचं तर त्याने आठवणी बंद करून ठेवल्यात.

लिहिताना एवढं बघा की जाणाऱ्याच्या हातात एखादी वस्तू द्या, रकमा आणि पत्ते लिहा, आणि मूल काय करतं ते दाखवा, त्याला काय वाटतं ते कमी सांगा.

कारण वाचकाला कधी सांगायचं, सुरुवातीला की शेवटी?

दोन्ही चालतं पण परिणाम वेगळा. फँटीनचं कारण आधीपासून माहीत असतं म्हणून आपण पूर्ण वेळ जीव मुठीत धरून वाचतो. होहेनहाइमचं उशिरा कळतं म्हणून आपणही एडबरोबर चिडलेले असतो आणि आपल्यालाही राग गिळावा लागतो. चालत नाही ते एकच, ट्रंकेतून अचानक निघालेलं जुनं पत्र ज्यात सगळं लिहिलंय आणि मूल ते वाचून लगेच शांत. पत्र निघू दे, पण वाचून झाल्यावर मुलाला आणखी राग येऊ दे. हे आधी का नाही सांगितलं असं कुठलंही मूल म्हणेल.

ज्यांनी सांभाळलं त्यांचं काय?

त्यांना विसरू नका, एवढंच. राधा, यशोदा, कण्व, आन-मारी. जन्मदात्यांची बाजू मांडायच्या नादात बऱ्याच गोष्टी यांना दोन ओळींत उरकतात. कर्णाने शेवटपर्यंत राधेय हेच नाव लावलं, त्याचं उत्तर त्यात आहे.

मुलाने शेवटी माफ करायलाच हवं का?

नाही. कर्णाने शब्द दिला पण बाजू बदलली नाही. सेर्योझा तोंड फिरवतो. मर्फ म्हातारी झाल्यावर बापाला सांगते की माझी मुलं आहेत माझ्याजवळ, तू जा, आणि ती माफीपेक्षा मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं.

आमच्या घरात असंच झालंय, मूल दहा-बारा वर्षांचं आहे. त्याला असल्या गोष्टी द्याव्यात का?

जपून द्या, आणि "बघ, तिला पण कारण होतं" हे पटवायला तर अजिबात देऊ नका. मुलाला लगेच कळतं की गोष्टीच्या आडून आपल्याला गप्प करतायत. त्याला राग असेल तर राग असलेली पात्रं द्या, एड चालेल, त्या वयाला तो जवळचा वाटतो, फक्त त्यात हिंसा बरीच आहे तेव्हा आधी तुम्ही बघा. 'काबुलीवाला' लहान आहे, सोबत बसून वाचता येते, आणि ज्याचा बाप कामासाठी लांब आहे त्या मुलाला तो हाताचा ठसा नक्की कळतो. वाचून झाल्यावर प्रश्न विचारत बसू नका, त्याला बोलायचं असेल तेव्हा ते बोलेल. आणि मूल सतत उदास असेल, झोपत-जेवत नसेल तर पुस्तकावर न थांबता समुपदेशकाकडे जा.

सुरुवात कुठून करू?

एका बैठकीत संपणारं हवं तर 'काबुलीवाला', हिंदी सिनेमाही आहे (१९६१), बलराज साहनी आहेत त्यात. नाटक वाचायची सवय असेल तर 'अ डॉल्स हाऊस', आणि आन-मारीच्या सीनपाशी थांबून परत वाचा. महाभारतातलं हवं तर उद्योगपर्वातला कृष्ण-कुंती संवाद आणि कर्ण-कुंती भेट हे दोन्ही लागोपाठ वाचा, मराठी भाषांतरं मिळतात, आणि त्यानंतर 'मृत्युंजय' उघडा, म्हणजे सावंतांनी काय वाढवलं आणि काय मूळचं आहे ते कळेल. 'ले मिझराब्ल' जाडजूड आहे, सगळं नाही जमलं तरी फँटीनचा पहिला भाग वाचाच. 'ऍना कॅरेनिना'ला वेळ काढावा लागतो, सुट्टीत घ्या.